मशीन घ्यायच्या आधी, ओंकार

इचलकरंजी

चि. ओंकार,

काल ताईचा फोन आला. गुडघ्याचं दुखणं सांगून झालं, पंचगंगेचं पाणी उतरल्याचं सांगून झालं, आणि मग आवाज बारीक करून म्हणाली, "ओंकारनं कंपनी सोडली गं. आता स्वतःच किचन बसवायची कामं घेतोय." तिच्या मागोमाग तुझा मेसेज आला, की सगळ्यात ताकदवान इम्पॅक्ट ड्रायव्हर कुठला घेऊ, दोनशे न्यूटन-मीटरच्या वरचाच सांग. मोबाइलवर बोट फिरवून एवढं सगळं लिहिणं मला जमत नाही, आणि फोनवर सांगितलं तर तू "हो मावशी, हो मावशी" म्हणून साइटवर पळशील. म्हणून दुकान बंद केल्यावर कागद घेऊन बसले आहे. हे पत्र तुझ्या टूलबॉक्सच्या झाकणात ठेवलंस तरी चालेल.

स्वतःचं काम सुरू केलंस हे उत्तम केलंस, बाळा. ताई काळजी करते, ते तिचं कामच आहे. माझी काळजी वेगळी आहे. बंगळुरूत कामं मिळतील का, याची मला फिकीर नाही; तुझा हात चांगला आहे, दाराची फट तू डोळ्यानं मापतोस. मला काळजी आहे ती पहिल्याच महिन्यात तू खांद्याला, मनगटाला आणि मुख्य म्हणजे कानाला न सोसणारं मशीन घेऊन बसशील याची. कानाचं मी पुढं सविस्तर लिहिणार आहे. तिथं पोचल्यावर पान उलटू नकोस.

आधी दुकानात काय मागायचं ते. माझ्या काउंटरवर कितीतरी लोक येतात आणि नुसतं "इम्पॅक्ट द्या" म्हणतात. आपल्याकडं त्या एका शब्दावर तीन निरनिराळ्या वस्तू पुढं येतात. 'इम्पॅक्ट ड्रिल' म्हणून जे विकलं जातं ते भिंतीला भोकं पाडायचं साधं हॅमर ड्रिल. त्याचे ठोके सरळ पुढं पडतात, म्हणून विटेत भोक पडतं. स्क्रू आवळायला ते निरुपयोगी. 'इम्पॅक्ट रेंच'ला पुढं चौकोनी टोक असतं, बहुतेक वेळा चार सुती. ते नट-बोल्टसाठी, चाकांसाठी, गॅरेजवाल्यांसाठी. तुला हवा तो 'इम्पॅक्ट ड्रायव्हर', ज्याच्या तोंडाला दोन सुती षटकोनी भोक असतं आणि बाहेरची बाही ओढली की बिट सुटतं. बॉशचं मशीन असेल तर अक्षरं बघ: जीएसबी म्हणजे इम्पॅक्ट ड्रिल, जीडीआर म्हणजे इम्पॅक्ट ड्रायव्हर, जीडीएस म्हणजे रेंच, आणि जीएसआर म्हणजे क्लचवाला साधा ड्रिल-ड्रायव्हर. ही चार नावं पाठ कर. एस. पी. रोडवर गर्दीत कुणी घाई केली तरी तुझ्या हातात भलतंच खोकं पडणार नाही.

आता ते आतून चालतं कसं, हे तुला कळलंच पाहिजे. कळलं की कुठलं घ्यायचं हा प्रश्न निम्मा सुटतो.

तुला आठवतं का, मे महिन्यात तू इथं यायचास तेव्हा आपल्या दुकानाशेजारच्या गॅरेजात तासन् तास उकिडवा बसायचास? तिथले दादा यामाहा आरएक्स शंभरच्या इंजिनाची झाकणं उघडायचे. त्या झाकणांचे प्लस स्क्रू वर्षानुवर्षं उष्णतेनं जाम झालेले असायचे. स्क्रूड्रायव्हर लावला की खाच झिजायची, स्क्रू हलायचा नाही. मग दादा एक जाड पोलादी नळी काढायचे, तिचं टोक स्क्रूवर टेकवायचे आणि मागून हातोडीचा दणका द्यायचे. एक दणका, आणि स्क्रू सुटलेला. तू दर वेळी टाळ्या वाजवायचास. तोही इम्पॅक्ट ड्रायव्हरच, हाताचा. त्याच्या आत तिरक्या खाचा असतात. सरळ बसलेला दणका त्या खाचांमुळं वळणात बदलतो, आणि त्याच क्षणी टोक स्क्रूच्या खाचेत घट्ट दाबलंही जातं. बॅटरी नाही, मोटर नाही. जाम झालेल्या स्क्रूसाठी अजूनही मी तेच देते.

तुझ्या बॅटरीच्या मशीनमध्ये दणका द्यायला बाहेरून कुणी येत नाही, हातोडा आतच असतो. दुरुस्तीला आलेलं एक मशीन आपल्या मेकॅनिकनं माझ्यासमोर उघडलं होतं, तेव्हा मी नीट बघून घेतलं. सगळ्यात मागं मोटर. तिच्यापुढं छोटे गिअर एका दातेरी कड्याच्या आत फिरतात. ते मोटरचा वेग उतरवतात आणि जोर चढवतात. त्यांच्यापुढं एक दांडा. त्या दांड्यावर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराच्या खाचा कोरलेल्या, खाचांत पोलादी छर्रे, आणि त्या छर्ऱ्यांच्या आधारानं दांड्यावर बसलेला एक जड पोलादी गोल तुकडा. त्यालाच हातोडा म्हणतात. हातोड्याच्या मागं दणकट स्प्रिंग, ती त्याला कायम पुढं रेटत असते. हातोड्याच्या तोंडावर दोन उंचवटे. त्याच्या समोर ऐरण, तिला दोन बाजूंना दोन पंख. त्या ऐरणीच्याच पुढच्या टोकात तुझं बिट बसतं. आत सगळीकडं ग्रीस.

स्क्रू सहज आत जात असतो तोवर हातोडा आणि ऐरण एकमेकांत अडकून सोबतच फिरतात, आवाजही साध्या ड्रिलसारखाच येतो. स्क्रू जड झाला की ऐरण मंदावते, पण मागून मोटर फिरवतच असते. मग हातोडा त्या व्ही खाचेतून मागं सरकतो, स्प्रिंग दाबली जाते, आणि त्याचे उंचवटे ऐरणीच्या पंखांवरून निसटतात. निसटल्याबरोबर स्प्रिंग त्याला पुढं फेकते, खाचेचा उतार त्याला गोल फिरवतो, आणि तो वेगात येऊन पुढच्या पंखावर आदळतो. पुन्हा अडकतो, पुन्हा मागं, पुन्हा आदळतो. एका फेऱ्यात दोन ठोके. खोक्यावर मिनिटाला तीन ते चार हजार ठोके लिहिलेले असतात. साडेतीन हजार धरले तरी सेकंदाला सुमारे 58 झाले. ज्याला आपण 'टर्रर्र' म्हणतो तो आवाज त्याच ठोक्यांचा.

एक गोष्ट नीट लक्षात घे. हे ठोके पुढं पडत नाहीत, गोल पडतात. जाम नटाला पाना लावून त्याच्या टोकावर तळहातानं ठोकतात ना, तसंच हे. म्हणून त्यानं भिंतीत भोक पडत नाही. आणि म्हणूनच मनगटही पिळत नाही. साध्या ड्रिलनं लांब स्क्रू आवळताना अडकला की अख्खं मशीन हातात उलटं फिरतं, कारण स्क्रूवर जेवढा जोर लागतो तेवढाच उलटा तुझ्या हातावर येतो. इम्पॅक्टमध्ये मोठा जोर एका निमिषापुरता असतो, आणि तो फिरत्या हातोड्याच्या वेगातून येतो. तुझ्या मनगटाला सांभाळावा लागतो तो फक्त स्प्रिंग दाबण्यापुरता मोटरचा जोर. लहानपणी पेरूच्या झाडावरून पडून तुझं उजवं मनगट मोडलं होतं, म्हणून या यंत्राचा हा गुण मला फार मोलाचा वाटतो. तुला इम्पॅक्ट घेऊ नको असं मी म्हणतच नाही. जरूर घे.

पण ताकदीचा आकडा बघून घेऊ नकोस.

खोक्यावरचे 200 न्यूटन-मीटर हे त्या ठोक्याच्या शिखरावरचे असतात, बोल्टवर मोजलेले. ड्रिल-ड्रायव्हरच्या खोक्यावरचे तीस किंवा पन्नास हे वेगळ्याच तऱ्हेचे, सलग पिळाचे. हे दोन आकडे शेजारी ठेवून "हे त्याच्या चौपट" असा हिशेब करता येत नाही. आणि तुझ्या कामाला लागतं किती? कपाटाच्या बिजागरीला सोळा मिलिमीटरचा बारीक स्क्रू असतो. प्लायमध्ये किंवा पार्टिकल बोर्डात तो पाच न्यूटन-मीटरच्या आतच बसतो. त्याच्यापुढं गेलास की आटे बोर्डाचा भुगा करतात आणि स्क्रू जागच्या जागी गरागरा फिरतो. ट्रिगरवर अर्धा सेकंद बोट जास्त राहिलं तर तीसेक ठोके पडून गेलेले असतात. ग्राहकाच्या नव्या किचनमध्ये बिजागरीचं भोक मोठं झालं की मग काडी नि फेव्हिकॉल भरत बसायचं. ते काम सहा महिन्यांनी पुन्हा सैल होतं आणि तुझा फोन वाजतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, राजा: पहिलं मशीन इम्पॅक्ट नकोच. पहिलं घे ते क्लचवालं ड्रिल-ड्रायव्हर, 12 व्होल्टचं. त्याच्या गळ्यावर आकड्यांची रिंग असते. रद्दी प्लायच्या तुकड्यावर आकडा लावून बघायचा; स्क्रूचं डोकं पृष्ठभागाशी सपाट बसलं की क्लच कटकट करून सुटला पाहिजे. बिजागऱ्या, चॅनल, हँडल सगळं त्याच्यावर. मिनिफिक्सला तर मशीन लावूच नकोस, तो हातानंच फिरवायचा, त्याला अर्धाच फेरा लागतो. इम्पॅक्ट लागतो तो पाठीची फळी आणि चौकट जोडायला, दोन कपाटं एकमेकांना आवळायला, आणि वरच्या कपाटांचे लांब स्क्रू भिंतीत न्यायला. तिथं त्याच्यासारखं दुसरं काही नाही. दोन्ही मशिनं एकाच कंपनीची आणि एकाच बॅटरीवर चालणारी घेतलीस की चार्जर एक, बॅटऱ्या अदलाबदल. बऱ्याच कंपन्या दोन्हींचा जोडसंच विकतात, तो सुटं घेण्यापेक्षा स्वस्त पडतो.

इम्पॅक्टही 12 व्होल्टचाच घे. त्यात 100 ते 115 न्यूटन-मीटर मिळतात आणि बॅटरीसकट वजन किलोच्या आसपास राहतं. 18 व्होल्टचं मशीन दीड किलोपर्यंत जातं. काउंटरवर हातात घेतलं तर फरक जाणवत नाही. वरच्या कपाटात डोकं घालून, हात डोक्याच्या वर धरून दुपारपर्यंत काम कर, मग जाणवतो. पुढं डेकची, पर्गोलाची, लोखंडी चौकटीची कामं मिळू लागली तर 18 व्होल्टकडं जा, तेव्हा कमाईही तेवढी झालेली असेल. मशीनच्या डोक्याची लांबीही मोजून घे, मागच्या टोकापासून बिटाच्या तोंडापर्यंत. कपाटाच्या कोपऱ्यात बारा सेंटिमीटरचं डोकं जातं, अठराचं जात नाही. मोटर ब्रशलेस असेल तर थोडे जास्त पैसे गेले तरी दे. कार्बन झिजायची कटकट नाही, एका चार्जमध्ये काम जास्त होतं. वेगाचे टप्पे असतील तर फारच चांगलं, निदान दोन तरी हवेत.

भिंतीबद्दल एक. तुमच्याकडच्या नव्या इमारतींत पांढऱ्या हलक्या ब्लॉकच्या भिंती असतात, एएसी म्हणतात त्या. त्या मऊ असतात. त्यात इम्पॅक्टनं शेवटपर्यंत आवळलंस तर गिट्टी आतल्या आत फिरते आणि भोक ढिलं पडतं. बाहेरून स्क्रू घट्ट दिसतो, आणि त्याच्यावर कुणाच्या तरी घरातली ताटं-वाट्यांनी भरलेली कपाटं लटकणार असतात. तिथं खास त्या ब्लॉकचे प्लग वापर, भोक ठोके न देता साध्या ड्रिलनं पाड, आणि शेवटचे दोन फेरे हातानं आवळ. काँक्रीटचा बीम आला तर रोटरी हॅमर भाड्यानं आण, इम्पॅक्टशी झटापट करू नकोस.

आता कानाचं.

आजोबांना तू पाहिलंस तेव्हा ते सगळ्यांच्या बोलण्यावर नुसते हसायचे. तुला वाटायचं आजोबा किती शांत आहेत. त्यांना ऐकू येत नव्हतं, बाळा. आपल्या गावात विठ्ठलराव दातारांनी 1904 साली पहिला यंत्रमाग आणला, त्यावर हे गाव उभं राहिलं, आपलं घरही त्यावरच चाललं. आजोबांनी सगळी उमेद मागाच्या खात्यात घालवली. धोटा इकडून तिकडं आपटायचा, शेजारच्या माणसाशी खुणेनं बोलावं लागायचं. आधी त्यांना दारावरची बेल ऐकू येईना. मग पाखरं. मग 'स', 'त', 'फ' असली अक्षरं गळायला लागली. माणूस बोलतोय हे कळायचं, काय बोलतोय हे कळायचं नाही. शेवटी नातवंडांचे बारीक आवाज गेले. कानाच्या डॉक्टरांनी तेव्हा समजावून सांगितलं होतं, की कानाच्या आत केसांसारख्या बारीक पेशी असतात, मोठ्या आवाजानं त्या मरतात, आणि मेलेल्या पुन्हा उगवत नाहीत. आवाजानं आधी वरच्या पट्टीचं ऐकणं जातं, चार हजार हर्ट्झच्या आसपासचं, म्हणून रोजच्या बोलण्यात कित्येक वर्षं काही कळतच नाही.

तुझ्या मशीनची माहितीपुस्तिका उघड. बारीक अक्षरांत आवाज आणि कंपन छापलेलं असतं. ते कुणी वाचत नाही, तू वाच. इम्पॅक्ट ड्रायव्हरचा आवाज साधारण 95 ते 100 डेसिबल भरतो. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचा, नायॉशचा, दंडक असा आहे की 85 डेसिबल आठ तास चालेल, आणि पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करायचा. 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक, 97 ला अर्धा तास, आणि 100 ला दिवसभरात फक्त पंधरा मिनिटं. तेही मशीन हाताच्या अंतरावर असताना. तू तर रिकाम्या फ्लॅटमध्ये, पडदे-गादी काही नसलेल्या खोलीत, लाकडी खोक्यात डोकं घालून ते चालवणार. तिथं आवाज चारी बाजूंनी परत येतो. पंधरा मिनिटं ट्रिगर दाबणं म्हणजे काय, एका दुपारचं काम.

माझ्या दुकानात रोज सुतार येतात, तुझ्याच वयाची पोरं. मी किंमत सांगते, ते "काय?" विचारतात, मी पुन्हा सांगते. कानात सारखं कूंऽऽ वाजतं म्हणतात आणि हसतात. मला हसू येत नाही. मशिनासाठी काही हजार मोजणारा माणूस कानाच्या मफला चार-पाचशे घालायला का कचरतो, हे मला एवढ्या वर्षांत समजलेलं नाही. कापसाचे बोळे चालत नाहीत, मोबाइलचे इअरफोन तर मुळीच नाहीत. मफ घे, नाहीतर फोमचे प्लग. प्लग घातलास तर बोटानं चुरगाळून, कान वर ओढून खोल बसव, नुसते तोंडाशी टेकवून उपयोग नाही. मफच्या पुड्यावर किती डेसिबल आवाज कमी होतो ते छापलेलं असतं, वीसच्या वरचा बघ. आणि तुझ्या हाताखाली जो पोरगा काम करेल त्यालाही दे. तो मागणार नाही.

तेलात ठोके देणारी मशिनंही निघाली आहेत, माकिटा आणि मिलवॉकी बनवतात. त्यांत हातोडा-ऐरणीचा दणका तेलातून जातो म्हणून आवाज बराच कमी येतो. जोर थोडा कमी, किंमत बरीच जास्त, आणि सलग चालवलं तर तापतात. माझ्या काउंटरवर अजून आलेली नाहीत. पुढं कधी हात पोचला तर रहिवासी इमारतीत काम करायला ती फार चांगली.

कंपनाचंही तेच. युरोपात हाताला पोचणाऱ्या कंपनाची मर्यादा आठ तासांसाठी पाच मीटर प्रति सेकंद वर्ग अशी आहे, आणि अडीचपासूनच खबरदारी घ्यायला सांगतात. ज्या मशीनचं कंपन दहा छापलेलं आहे, त्याचा ट्रिगर दिवसात अर्धा तास दाबला की अडीचची पातळी गाठली, दोन तासांत मर्यादा संपली. सकाळी गार पाण्यात हात घातल्यावर बोटांची टोकं पांढरी पडू लागली, मुंग्या येऊ लागल्या, तर लपवू नकोस, मला सांग. स्क्रूआधी बारीक भोक पाडून घ्यायची सवय ठेव. पायलट भोकात स्क्रू पटकन जातो, ठोके कमी पडतात, कान वाचतो, हात वाचतो, आणि प्लायची कडही फाटत नाही.

बिटांवर पैसे वाचवू नकोस. साधं कडक बिट इम्पॅक्टच्या ठोक्यांनी तडकतं आणि तुकडा डोळ्याकडं येतो, म्हणून चष्मा घालायचाच. 'इम्पॅक्ट' असं छापलेली बिटं थोडा पीळ खातात, त्यांचा मधला भाग मुद्दाम बारीक केलेला असतो. आणि प्लस दोन तऱ्हेचे असतात हे विसरू नकोस. ड्रायवॉलचे काळे स्क्रू फिलिप्सचे, पीएच दोन. बिजागरीच्या बऱ्याच स्क्रूंवर मोठ्या प्लसच्या मधोमध बारीक रेघांचा दुसरा प्लस दिसतो; तो पोझीड्राइव्ह, त्याला पीझेड दोन लागतं. एकाचं बिट दुसऱ्यात घातलं की बसल्यासारखं वाटतं आणि जोर लागताच वर चढतं, खाच खाऊन टाकतं. ताऱ्यासारख्या खाचेचे, टॉर्क्सचे लांब स्क्रू मिळाले तर भिंतीच्या कामाला तेच घे. बिट निसटतच नाही, दाबावंही कमी लागतं. गॅरेजमधलं चकचकीत क्रोमचं सॉकेट मात्र इम्पॅक्टला कधी लावू नकोस, काळं, इम्पॅक्टचंच घे.

रस्त्यावर 48, 88, 128 असे आकडे छापलेली स्वस्तातली मशिनं दिसतील. भुलू नकोस. व्होल्टचा हिशेब सेलवर असतो: 3.6 व्होल्टचे पाच सेल म्हणजे 18, तेच पूर्ण चार्ज झाल्यावर वीसच्या वर जातात, म्हणून कुणी 18 लिहितं, कुणी 20, वस्तू एकच. तीन सेलचं 10.8, त्यालाच 12 म्हणतात. त्या 88 आणि 128 वाल्यांत बहुतेक वेळा तेच पाच सेल असतात. आकड्यापेक्षा विचार, की याचं सर्व्हिस सेंटर बंगळुरूत कुठं आहे, बॅटरी सुटी मिळते का, दोन वर्षांनी मिळेल का. बिल जीएसटीचं घे आणि वॉरंटीसाठी नंबर त्याच दिवशी नोंदव, पुष्कळ कंपन्यांत ठराविक दिवसांत नोंद केली तर मुदत वाढते. बॅटरी उन्हात उभ्या गाडीत ठेवू नकोस, आणि पूर्ण उतरलेली महिनाभर पडू देऊ नकोस.

दुकानात गेलास की खोकं बघून परत येऊ नकोस. मशीन हातात घे, बॅटरी लावून घे, ट्रिगर अगदी हळू दाब. बिट घड्याळाच्या काट्याइतकं सावकाश फिरलं पाहिजे. ज्या ट्रिगरवर हळू जाता येत नाही ते मशीन परत ठेव. बरोबर चार इंची स्क्रू आणि सागाचा किंवा बाभळीचा एक तुकडा ने, आणि दुकानदाराला स्क्रू घालून दाखवायला सांग. चांगला दुकानदार हो म्हणतो. मी तर नेहमी म्हणते.

इकडचं सगळं ठीक. तुझ्या काकांनी दुकानाच्या माळ्यावर नवे रॅक बसवले. गॅरेजवाले दादा आता बसून असतात, मुलगा चालवतो, पण तुझी चौकशी करतात. समोरच्या गल्लीतले साधे माग आणखी काही बंद झाले. त्यांचा आवाज थांबला म्हणून बरं वाटतं आणि हातचं काम गेलं म्हणून वाईट. ताईच्या गुडघ्याला मी तेल पाठवलं आहे, तिला दोन दिवसाआड फोन करत जा, पैशाचं बोलू नकोस, जेवलास का ते सांग.

शनिवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं तुझ्या नावानं पार्सल टाकते. त्यात बेसनाचे लाडू, पीएच आणि पीझेडची इम्पॅक्ट बिटं, एक चष्मा, आणि कानाचे दोन मफ आहेत, एक तुझा आणि एक तुझ्या मदतनिसाचा. मशीन मी इथून पाठवत नाही, ते तिथंच घे म्हणजे दुरुस्तीला अडचण नको. रविवारी सकाळी मॅजेस्टिकला उतरवून घे आणि पोचल्याचं कळव. मशीन आलं की मफ घालून काम करतानाचा एक फोटो मला पाठव, विसरू नकोस.

तुझी,
मावशी